एक्सलचं रबर: वावरात जाणाऱ्या गाडीचे सीव्ही बूट कसे तपासायचे, कसे बदलायचे

जानेवारीत तूर कापून झाली की वावरात वीतभर उंचीचे खुंट उरतात. विळ्याचा घाव तिरपा बसलेला असतो, त्यामुळे टोक भाल्यासारखं. चप्पल घालून चाललं तर तळव्यात घुसतं. दोन वर्षांपूर्वी गंजीपर्यंत पाण्याच्या कॅन न्यायच्या म्हणून मी आमची छोटी गाडी सरळ धुऱ्यावरून आत घातली आणि असाच एक खुंट डाव्या चाकामागच्या रबरात शिरला. ते मला कळलं एप्रिलमध्ये, फाटकातून वळताना खट-खट-खट आवाज यायला लागला तेव्हा. तालुक्याच्या मिस्त्रीनं गाडीखाली डोकंही घातलं नाही. म्हणाला, "आता रबर बदलून काय करता भाऊ, आवाज येऊन राह्यला म्हणजे जॉइंट गेला." काही शे रुपयांचं काम काही हजारांवर गेलं. मिस्त्रीचं त्यात काही चुकलं नव्हतं. तीन महिन्यांत मी एकदाही चाकामागे वाकून पाहिलं नव्हतं.

रबर फाटण्याच्या दिवसापासून आवाज येण्याच्या दिवसापर्यंत जी मुदत मिळते, तेवढ्यातच हे काम स्वस्तात होतं. गुळगुळीत हायवेवर ती मुदत लांबते, आपल्या पांदणीत चटकन संपते.

कोणत्या गाडीला हे लागू आहे

अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, क्विड अशा पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांना. फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली बोलेरो किंवा ईको असेल तर तिची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढे असे बूट नसतातच. त्या मालकांनी लेख इथेच सोडला तरी चालेल.

पुढची चाकं गाडी ओढतात, वळतात आणि खड्ड्यात वरखालीही होतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. साधा क्रॉस असलेला जॉइंट वाकला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो आणि स्टिअरिंगला हिसके देतो. यावर आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानं 1926 मध्ये गोळ्यांचा जॉइंट काढला. वाटीसारख्या घरात, वक्र खाचांमध्ये सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा. कितीही वाकला तरी वेग समान, म्हणून नाव कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजेच सीव्ही. गिअरबॉक्सकडून चाकाकडे ताकद नेणारा दांडा म्हणजे एक्सल शाफ्ट, त्याच्या चाकाकडच्या टोकाला आजही मुख्यतः हाच असतो. गिअरबॉक्सकडे बहुतेक छोट्या गाड्यांत ट्रायपॉड असतो: तीन रोलर, जे लांब खाचांत आतबाहेर सरकतात, कारण चाक वरखाली झालं की शाफ्टची लांबीही बदलावी लागते.

या दोन्हींवर घड्यांचा जो रबरी भाता असतो, तो बूट. गॅरेजात त्याला एक्सल बूट म्हणतात, आपण एक्सलचं रबर म्हणतो. जॉइंटला बाहेरून ग्रीस भरायला निपल नसतो. कारखान्यात भरलेलं ग्रीस हेच त्याचं जन्मभराचं. गाडी ताशी 60 किलोमीटरनं जात असताना चाक मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे घेतं. चीर पडली की त्या गतीनं ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच वाटेनं धूळ-पाणी आत जातं. ग्रीसमध्ये कालवलेली मुरमाची बारीक कच म्हणजे पोलाद घासायची पेस्टच.

आपल्याकडे रबर लवकर का जातं

खुंटांचं सांगितलंच. पऱ्हाटी उपटायच्या आधी किंवा तुराट्या पडलेल्या वावरात गाडी घातली की धोका तोच. पण खरी त्रासदायक गोष्ट काळी माती. पावसात ती चाकाला चिकटते, गोळा होऊन मागे बूट आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा लोखंडी हात) यांच्या मधे ठासून बसते. दोन दिवस ऊन पडलं की तिचं ढेकूळ होतं आणि फिरणारं रबर त्यावर घासत राहतं. गाडी वावरातून आली की त्याच संध्याकाळी, माती ओली असतानाच, साध्या पाण्याच्या पाइपनं चाकामागची माती काढा. वाळल्यावर काडीनं किंवा विळ्यानं खरवडू नका. प्रेशरचा फवारा अगदी जवळून बूटच्या क्लिपवर मारला तर कडेतून पाणी आत जाऊ शकतं, तेव्हा हात दोन फूट लांब ठेवा.

दुसरा शत्रू ऊन. 45 अंशांच्या पुढे पारा गेलेल्या महिन्यात गाडी उघड्यावर, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलेलं, अशी पंधरा दिवस उभी राहिली तर बाहेरच्या बाजूच्या घड्या सतत ताणलेल्या राहतात आणि तिथेच तडे जातात. गाडी लावताना चाकं सरळ करा. फुकटचा उपाय आहे.

आणि तिसरा आपणच. गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घ्यायची पद्धत अजून चालू आहे. पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते मारतात, पण त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. धुणाऱ्या पोराला आधीच सांगा: खाली डिझेल नको. बूटला काही लावायचंच असेल तर थोडा सिलिकॉन स्प्रे. नाहीतर साबणाचं पाणी पुरे.

वर्षातून तीनदा वाकून पाहा

मी वेळा पंचांगाशी बांधल्यात, म्हणजे विसर पडत नाही. मृग लागायच्या आधी एकदा, पोळा झाला की एकदा, आणि तूर घरात आली की एकदा. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, झाली की कापसाच्या फेऱ्या सुरू होतात, त्यामुळे पोळ्याची तपासणी टाळू नका.

स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, डाव्या चाकाची पुढची कड आत जाते आणि एका बाजूनं बूट उघडा दिसतो. टॉर्च लावा. नुसती वरची कड पाहून भागत नाही, तडे घड्यांच्या खोबणीत असतात. बोटांनी घडी फाकवा. मग चाक थोडं फिरवून उरलेली बाजू. दुसऱ्या चाकाला उलटं. आतला बूट बॉनेट उघडून वरून, नाहीतर गाडीखालून दिसतो. तो कमी वाकतो, म्हणून जास्त टिकतो, पण इंजिनाची उष्णता त्याच्याच जवळ.

रबर न पाहताही एक खूण सापडते. रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर किंवा ब्रेकच्या पाइपवर काळ्या घट्ट ग्रीसचे थेंब एका रेषेत उडालेले दिसले तर बूट फाटलाय. गिअरबॉक्सच्या तोंडाशी पातळ तेल ओघळलं असेल तर तो बूट नाही, ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) आहे. बोटावर घेऊन पाहा: ग्रीस चिकटतं, गिअर ऑइल वाहतं आणि त्याचा उग्र वास लपत नाही.

जॉइंट जिवंत आहे की नाही हे ठरवायला रिकाम्या मैदानात किंवा खळ्यावर जा. पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, मधेच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग उलट्या दिशेनं. वळताना खट-खट आला तर चाकाकडचा जॉइंट. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, म्हणजे उजवीकडे वळताना आवाज आला तर आधी डावा पाहा. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरली तर संशय आतल्या ट्रायपॉडवर.

आवाज नसेल आणि ग्रीस अजून काळं, गुळगुळीत असेल, तर बूट बदला आणि निश्चिंत व्हा. आवाज नाही पण ग्रीस बोटात चोळल्यावर किरकिर लागतं, तर खोलून धुवा आणि नीट पाहून ठरवा. आवाज येतोय, तर नवा बूट म्हणजे मेलेल्या बैलाला झूल. जॉइंट किंवा अख्खा शाफ्टच घ्या.

वावरातच फाटलं तर

जवळ जुना सायकलचा ट्यूब असेल तर त्याची लांब पट्टी कापा. बूट कापडानं कोरडा करून पट्टी ताणून, एकावर एक चढवत गुंडाळा. दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टायनं बांधा. तारेनं बांधू नका, तार रबर कापते. हळू चालवत गॅरेज गाठण्यापुरतीच ही सोय. दोन तुकड्यांचा, गोंदानं चिकटवायचा बूटही बाजारात मिळतो. आमच्या मातीत त्याचा सांधा माझ्याकडे एक पावसाळाही टिकला नाही.

बदलण्याची तयारी

हे काम घरी जमतं, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं अख्खा दिवस राखून ठेवावा आणि सोबत एक माणूस असावा. अनुभव नसेल तर मिस्त्रीकडे जा आणि पुढचं वाचून शेजारी उभे राहा. अर्धी कामं शेजारी कोणी उभं असल्यानंच नीट होतात.

किट घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगून, चाकाकडचा की गिअरबॉक्सकडचा ते स्पष्ट करून घ्या. त्यात बूट, दोन क्लिपा आणि ग्रीसची पिशवी हवी. सोबत नवी एक्सल नट (चाकाच्या मधोमध शाफ्ट आवळून धरणारी), शाफ्टच्या टोकाची नवी रिंग आणि गिअर ऑइल. ऑइल सील जुनं असेल तर तेही, कारण एकदा शाफ्ट निघालाच आहे. शक्य असेल तर एका बाजूचे दोन्ही बूट एकदमच बदला. का, ते खाली येईल.

हत्यारं: एक्सल नटच्या मापाची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना), सर्कलिप (खोबणीत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची पक्कड, रबरी हातोडी, दोन टॉमी (उचकटायच्या लोखंडी कांबी), छन्नी, क्लिपची पक्कड, तेलासाठी घमेलं आणि भरपूर जुनी धोतरं.

जागा सिमेंटची हवी. मातीवर जॅक हळूहळू रुततो. अंगण मातीचंच असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) जाड लाकडी फळी. गाडी लोखंडी घोडीवर टेकवल्याशिवाय खाली शिरायचं नाही. विटांवर तर कधीच नाही, वीट न सांगता फुटते. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. काढलेलं चाक दाराच्या खालच्या कडेखाली आडवं सारून ठेवा, दुसरा आधार होतो.

शाफ्ट बाहेर काढणं

गाडी चाकांवर उभी असतानाच मधली एक्सल नट ढिली करा. तिची कड शाफ्टच्या खाचेत चेपलेली असते, ती आधी छन्नीनं उचला. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. नट फार घट्ट असते, लांब दांडा लागतोच. चाकाच्या नटाही इथेच सैल करा. मग जॅक, घोडी, चाक बाहेर.

गिअरबॉक्सचं तेल घमेल्यात सोडा. आतला जॉइंट निघाला की ते तसंही बाहेर येणार. एबीएसची वायर आणि ब्रेकच्या पाइपचा क्लॅम्प स्ट्रटवरून (पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या खांबावरून) सोडवा, नाहीतर पुढच्या पायरीला ते ताणले जातील.

आता लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट नकलपासून, म्हणजे चाकाचा हब आणि बेअरिंग ज्यात बसतं त्या तुकड्यापासून, वेगळा करायचा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत तो एका आडव्या बोल्टनं आवळलेला असतो. बोल्ट पूर्ण काढा आणि लांब टॉमीनं आर्म खाली दाबा. बॉल जॉइंटच्या स्वतःच्या छोट्या रबराला टॉमी लागू देऊ नका, नाहीतर एक बूट बदलताना दुसरा फाडाल. नकल बाहेरच्या बाजूला ओढा आणि शाफ्टचं टोक हबमधून आत ढकला. अडला तर नट टोकाशी समपातळीत ठेवून, मधे लाकूड धरून ठोका. आट्यांवर लोखंडी हातोडी बसली की संपला शाफ्ट.

गिअरबॉक्सच्या बाजूला जॉइंटचं घर आणि गिअरबॉक्स यांच्या मधे टॉमी घालून झटका द्या. रिंग सुटून जॉइंट बाहेर येतो. शाफ्टला धरून ओढू नका, ट्रायपॉड आतल्या आत सुटेल. घर धरूनच काढा, आणि सीलच्या ओठावर त्याच्या टोकाचे दाते घासू देऊ नका.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: शाफ्ट काढलेला असताना किंवा एक्सल नट ढिली असताना गाडी जमिनीवर ढकलायची नाही. व्हील बेअरिंगला धरून ठेवणारा दाब त्या नटमुळेच असतो. अंगणातून दोन हात सरकवली तरी बेअरिंग जाऊ शकतं.

बूट काढणं आणि चढवणं

शाफ्टची बाहेरची माती आधी धुवून, पुसून घ्या. मग कापडावर ठेवा.

मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत चाकाकडचा गोळ्यांचा जॉइंट शाफ्टवरून खोलायचा नसतो. तो खराब झाला तर शाफ्टसकट बदलतात. म्हणून चाकाकडचा बूटसुद्धा गिअरबॉक्सच्या टोकाकडून चढवावा लागतो, आणि त्यासाठी आतला बूट काढावाच लागतो. दोन्ही एकदम बदला म्हटलं ते यासाठी. काही दुसऱ्या गाड्यांत बाहेरचा जॉइंट आतल्या रिंगवर बसवलेला असतो आणि हातोडीच्या एका ठोक्यात निघतो. तुमची कोणती, ते आधी विचारून घ्या, उगाच ठोकत बसू नका.

आतल्या बूटच्या क्लिपा कापा, बूट मागे सारा. ट्रायपॉडचं घर, ट्रायपॉड आणि शाफ्ट तिन्हींवर एका रेषेत खूण करा. बायकोचं नेलपॉलिश चालतं, ते तेलातही टिकतं. ट्रायपॉडचं घर काढा. सर्कलिप काढून ट्रायपॉड हलक्या हातानं बाहेर घ्या, रोलर सुटून पडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती कापड. कोणती बाजू आत होती तेही मोबाइलमध्ये टिपून ठेवा. आता दोन्ही जुने बूट कापून काढा.

धुण्याचं काम घाईत उरकू नका. डिझेल आणि ब्रश घेऊन गोळ्यांचा जॉइंट सगळ्या दिशांना वाकवत धुवा, ताटलीतलं डिझेल स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोल वापरू नका, बिडी पेटवणारा पाहुणा नेमका तेव्हाच येतो. मग ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळवा. आत उरलेलं डिझेल नवं ग्रीस पातळ करतं आणि नवं रबरही खातं. नवे बूट मात्र डिझेलच्या जवळपासही नकोत.

वाळल्यावर उजेडात पाहा. गोळ्यांवर किंवा खाचांत खड्डे, निळसर झाक, पिंजऱ्याला तडा, हातात धरल्यावर खडखड, यातलं काही असेल तर पुढे ग्रीस घालून उपयोग नाही. खाचांचा नुसता चकचकीत पट्टा दिसला तर घाबरू नका, तो चालण्याचा माग आहे.

शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे नव्या रबराला ओरखडा येणार नाही. आधी लहान क्लिप, मग चाकाकडचा बूट. गोळ्यांच्या जॉइंटला किटमधलं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीसच हवं. दुकानातलं पिवळं साधं ग्रीस इतका दाब सोसत नाही. ट्रायपॉडची पिशवी वेगळी असेल तर वेगळीच वापरा, मिसळू नका. निम्मं ग्रीस अंगठ्यानं गोळ्यांमध्ये ठासा, जॉइंट वाकवून आत मुरवा, उरलेलं बूटमध्ये. पिशवी पूर्ण रिकामी करा. जास्त भरून बूट फुगवण्यातही फायदा नाही.

बूटच्या कडा जिथे बसतात ती जागा पुसून खडखडीत कोरडी करा. ग्रीसवर क्लिप सरकते. लहान कड शाफ्टच्या खोबणीत बसली का ते बोट फिरवून पाहा. शेवटची क्लिप आवळण्याआधी लहान कडेखाली बोथट पेचकस घालून क्षणभर हवा सोडा. आत हवा कोंडली तर बूट फुगतो, पोकळी झाली तर घड्या आत ओढल्या जातात, दोन्ही वाईट. बूट पिळलेला नको. पट्टीची क्लिप असेल तर तिची शेपटी गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेनं फिरतं त्याच्या उलट वाकवायची. प्लॅस्टिकची टाय नको. एका गॅरेजनं मला ती लावून दिली होती, आतून ग्रीस झिरपायला महिनाही लागला नाही.

आता आतला बूट शाफ्टवर, ट्रायपॉड खुणेप्रमाणे, सर्कलिप खोबणीत पूर्ण बसलेली. घरात ग्रीस, घर खुणेला खूण जुळवून. त्याचा बूट बांधताना जॉइंट पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर नसावा. मॅन्युअलमध्ये लांबी दिली असेल ती, नाहीतर मधोमध.

परत बसवणं

टोकाची रिंग नवी. सीलच्या ओठाला थोडं गिअर ऑइल लावा, शाफ्ट सरळ धरून ढकला, टक् असा आवाज येऊन बसला पाहिजे. घराला धरून ओढून पाहा, निघता कामा नये. मग हब, बॉल जॉइंट, वायर, पाइप, सगळं उलट क्रमानं. बॉल जॉइंटचा बोल्ट त्याच्या टॉर्कवर आवळा, अंदाजानं नको. हा बोल्ट निघाला तर चाक आडवं होतं.

चाक लावा, गाडी खाली घ्या, ब्रेक दाबून एक्सल नट मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. कड खाचेत चेपा. गिअरबॉक्समध्ये तेल बाजूच्या बोल्टच्या तोंडाशी येईपर्यंत भरा. हे विसरणारे मी पाहिलेत, आणि मग बूटच्या जागी गिअरबॉक्सचं बिल येतं.

त्याच मैदानात दोन्हीकडे पूर्ण वळवून फिरा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर रिमच्या आत पुन्हा टॉर्च मारा. बूट आवळताना बाहेर राहिलेल्या ग्रीसचा एखादा थेंब पहिल्या दिवशी उडतो, तो पुसून ठेवा. चार दिवसांनी पुन्हा तिथेच दिसला तर क्लिप ढिली आहे, आणि ती आजच्या आज आवळायची.